पेठ आणि प्रदर्शन

भिलाईच्या सुपेला भागात रविवारी बाजार भरतो. भांडी, कापड, भाजी, चपला सारे काही रस्त्याच्या कडेला मांडलेले असते. पोलाद कारखान्याच्या सेक्टरांतील बाजार आराखड्यानुसार बांधले गेले. सुपेल्याचा बाजार गिऱ्हाइकाने घडवला. येथे फलकापेक्षा आरोळीला किंमत अधिक. ज्याचा आवाज पोहोचतो, त्याच्यापाशी माणूस थांबतो.

हीच विद्या एका मोठ्या पेठेला मोठ्या प्रसंगी वापरावी लागली. दुबईत १ ऑक्टोबर २०२१ पासून ३१ मार्च २०२२ पर्यंत जागतिक प्रदर्शन भरले. ते २०२० साली व्हायचे होते. महामारीमुळे वर्षभर लांबले. त्या काळात पर्यटक आटले आणि जुन्या शहरातील मीना बाजाराचे दुकानदार गिऱ्हाइकाची वाट पाहत बसले. साड्या, सोने, घड्याळे, शिलाई यांची ही गजबजलेली पेठ. तेथील मराठी कुटुंबांची लग्नाची खरेदी आणि गणपतीच्या पूजेचे साहित्य याच गल्ल्यांतून घरी जाते.

प्रदर्शन मात्र शहराबाहेर, दूर दक्षिणेला होते. मेट्रोची नवी शाखा थेट त्याच्या दारापर्यंत गेली होती. १९० हून अधिक देशांची दालने, शेकडो कार्यक्रम, खाण्यापिण्याची सोय, सारे एकाच कुंपणाच्या आत. सहा महिन्यांत २ कोटी ४० लाखांहून अधिक भेटींची नोंद झाली. परंतु दिवसभर चालून थकलेला पाहुणा संध्याकाळी साडी पाहायला येईलच, असे कोणी सांगावे? गर्दी शहरात आली म्हणजे ती दुकानात आली, असे होत नाही.

हा अनुभव जुना आहे. १८५१ साली लंडनला मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा अलेक्सिस सोयर या नामांकित आचाऱ्याने समोरच सर्व देशांच्या पदार्थांचे भव्य भोजनगृह थाटले. जागा मोक्याची, कीर्ती मोठी. तरीही सुमारे सात हजार पौंडांचा तोटा सोसून त्याला ते बंद करावे लागले.

मीना बाजाराने इतका मोठा डाव मांडला नाही, आणि तेच शहाणपणाचे होते. दुबईचा खरेदी महोत्सव १९९६ पासून भरतो. त्या वर्षी तो प्रदर्शनाच्या ऐन मध्यावर आला. सराफांच्या पेढ्यांवर सोडतीची कुपने, घडणावळीत सूट, कापडावर सवलत ही नेहमीचीच साधने होती. त्यांच्या जोडीला दारात उभा राहून हिंदीत साद घालणारा माणूस होता. चेहऱ्यावरून भाषा ओळखण्यात या मंडळींचा हात धरणारा विरळाच! त्याला पाहुण्याला पटवायचे होते ते एवढेच, की देशोदेशीची दालने पाहून झाली तरी मोजून, हाताळून, भाव करून घेण्याची गंमत अद्याप राहिलीच आहे.

३१ मार्चला प्रदर्शनाची दारे मिटली. दुसऱ्या दिवशी मीना बाजारात नेहमीप्रमाणे कापडाचे ठाण उलगडले गेले. समुद्राच्या खाडीत एका दिरहमला पैलतीरी नेणाऱ्या नावा तशाच ये-जा करत राहिल्या. इकडे सुपेल्यात रविवार संध्याकाळ उतरली की ताडपत्र्या गुंडाळल्या जातात आणि उरलेली भाजी शेवटच्या आरोळीसरशी निम्म्या भावाने निघते.