चार तासांचे शहर

छत्रपती संभाजीनगरला येणारा प्रवासी बहुधा वेरूळ, अजिंठा आणि बीबी का मकबरा ही नावे मनात धरून येतो. या शहराला आणखी एक नियमित प्रवासी आहे. जालना, सिल्लोड, वैजापूर, कन्नड अशा गावांहून तो आठवड्यातून तीनदा येतो. पहाटे दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हाती देतो, पत्नीला डायलिसिस केंद्रात पोहोचवतो आणि मग त्याच्यापाशी चार तास उरतात. मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत जिचे नाव आहे, तिचा हा सोबती.

पहिले काही आठवडे तो बाकावरच बसून राहतो. पुढे परिचारिकाच त्याला बाहेर पिटाळते. मग पाय पाणचक्कीकडे वळतात. दूरच्या टेकड्यांतील पाणी जमिनीखालच्या नहरीने आणून त्यावर जाते फिरवणारी ही सतराव्या शतकातील रचना आजही वडाच्या सावलीत थंडावा धरून आहे. तेथे बसले की घरातील पेला आठवतो. पत्नीला दिवसभरात किती पाणी द्यायचे, हे डॉक्टरांनी ठरवून दिलेले असते. जैन घराला उकळलेले, मोजलेले पाणी नवे नाही. पण व्रताचे मोजमाप आपण स्वतः घेतलेले असते, हे लादलेले आहे. तहान तीच, तरी मनाची अवस्था निराळी. पर्युषणात तिने उपवासाचा हट्ट धरला तर डॉक्टरांना विचारल्यावाचून होकार देता येत नाही, आणि नकार देणे नवऱ्याला जड जाते.

स्वयंपाकघरातही उलथापालथ होते. भाजी चिरून पाण्यात भिजवायची आणि ते पाणी फेकून द्यायचे, म्हणजे पोटॅशियम कमी होते. भेटीस येणारे आप्त प्रेमाने शहाळी, केळी, खजूर, सुकामेवा घेऊन येतात. नेमके तेच तिला वर्ज्य. पाहुण्यांना न दुखावता ही पिशवी बाजूला ठेवण्याची कला पतीला शिकावी लागते.

‘तुमचेच मूत्रपिंड का देत नाही?’ हा प्रश्न पेढीवर येणारा प्रत्येकजण विचारतो. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने पती-पत्नी हे निकटचे आप्त मानले आहेत; विवाहाचा दाखला, छायाचित्रे, चौकशी यांतून परवानगी मिळू शकते. परंतु रक्तगट जुळत नाही, किंवा दात्यालाच मधुमेह निघतो. २०११ च्या दुरुस्तीने दोन कुटुंबांतील अदलाबदलीची वाट खुली झाली. तशी जोडी मिळेपर्यंत यादी हाच आधार. येथे एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. देशात मूत्रपिंड देणाऱ्या जिवंत दात्यांत स्त्रिया अधिक आणि प्रत्यारोपण लाभणाऱ्यांत पुरुष बरेच अधिक, असे सरकारी आकडेच दाखवतात. पतीसाठी पत्नी पुढे सरसावते. उलट वेळ आली की घरातील वडीलधारे ‘कमावता माणूस’ म्हणून हात आखडतात. ज्या घरात पतीने स्वतःची तपासणी करून घेतली, त्या घराला हा आकडा थोडा तरी लाजवू शकत नाही.

महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि हे शहर अशी चार विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे आहेत. मेंदूमृत रुग्णाच्या कुटुंबाने संमती दिली की येथूनच यादी उघडते. जानेवारी २०१६ मध्ये या शहरातून एक हृदय विमानाने मुंबईस गेले, तेव्हा रस्ते मोकळे करून उभे राहिलेले पोलीस लोकांनी कौतुकाने पाहिले. त्या कौतुकाच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी घर उजाड झालेले असते. प्रतीक्षेतील जोडीदाराला हे ठाऊक असते. म्हणून तो मनातही ‘लवकर यावे’ असे म्हणताना अडखळतो. नेत्रदान आपल्या घरांत रुळले आहे. आहार, औषध, ज्ञान आणि अभय या दानांच्या पंक्तीत अवयवांना बसवण्याचा धीर अजून थोड्यांनाच होतो.

दूरध्वनी मात्र रात्री-अपरात्री कधीही येऊ शकतो. म्हणून शिखरजीची यात्रा पुढे ढकलली जाते. राजाबाजारातील जिनालयात सामायिकाला बसतानाही त्याचा मोबाईल चालू असतो. शेजारचे श्रावक आरंभी नाराज होतात. कारण कळल्यावर तेच त्याला खांबाजवळची जागा देतात, घंटी वाजली तर चटकन बाहेर पडता यावे म्हणून.

वेरूळ तीसेक किलोमीटरवर आहे. मंगळवारी लेणी बंद असतात, त्यामुळे मंगळवार-गुरुवार-शनिवार अशी पाळी असलेल्यांना दोनच दिवस मिळतात. ३० ते ३४ ही जैन लेणी शेवटी आहेत. कैलासापाशी थकलेले पर्यटक तेथवर फारसे येत नाहीत. इंद्रसभेत भगवान पार्श्वनाथ उभे आहेत. चहूकडून उपसर्ग कोसळत आहे, मस्तकावर धरणेंद्राचा फणा आहे आणि बाजूला पद्मावती छत्र धरून उभी आहे. भगवान ढळत नाहीत, हे सारेच पाहतात. तो मात्र छत्राच्या दांड्याकडे पाहत राहतो. किती वेळ धरले असेल?

कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथाकडे ती दोघे मिळून जातात, तेही डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, थकवा कमी असताना. भंगलेली मूर्ती तुपा-साखरेत ठेवल्यावर पुन्हा सांधली गेली, अशी तेथील श्रद्धा आहे. ती ही कथा लहानपणापासून ऐकत आली आहे. अलीकडे ती कथा संपल्यावर काही बोलत नाही.

चार तास सरतात. तो परत येतो, तेव्हा सुई काढून झालेली असते. तो तिच्या हातावरील बोळा दाबून धरतो, रक्त थांबल्याची खात्री करतो, वजनाचा आकडा वहीत नोंदवतो. ही वही लाल कापडाची, दुकानातल्या चोपड्यासारखीच. मग फिस्टुलाच्या हाताला पिशवी लागू नये म्हणून तिची पिशवी स्वतःकडे घेतो आणि दोघे बसस्थानकाकडे निघतात. मोबाईलची बॅटरी किती उरली, हे ती विचारते.