वालधुनीकाठचा पाया

वालधुनी नदीकाठच्या अंबरनाथच्या शिवमंदिराच्या आसपास पाया घालायचा असेल, तर ठोकून बसवायचे पाइल नकोतच. इ.स. १०६० मधलं हे शिलाहारकालीन मंदिर दगडावर दगड रचून उभं आहे, आणि त्याचा गाभारा वीसेक पायऱ्या खाली, जमिनीच्या पोटात आहे. घणाचा हादरा आधी तिथेच पोचणार. कुणी म्हणेल, कायद्याने शंभर मीटरांत बांधकामाला बंदी आहे आणि पुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते, मग चिंता कशाला? पण हादरा मीटर मोजून थांबत नाही. माती, खडक आणि घणाचा जोर ठरवतात तो कुठवर जाईल. नाजूक वास्तूंच्या पायाशी, कमी वारंवारतेच्या कंपनांसाठी, जर्मन मानक सेकंदाला ३ मिलिमीटर एवढीच मर्यादा सुचवतं.

फिरत्या ड्रिलने भोक पाडून भरलेले बारीक मायक्रोपाइल महाग आणि संथ, हे खरं. पण त्यांचं यंत्र अरुंद वाटेनेही आत जातं, आणि खर्चाचा हिशेब करताना तडकलेल्या शिल्पाची किंमत कोणत्या रकान्यात मांडणार? त्याहीआधी बोअर घेऊन खडक किती खोल आहे ते पाहावं. बेसॉल्ट वरच लागला, तर पाइलची गरजच उरत नाही.