चाळीची किल्ली

आमच्या जुन्नरकडे दिवाळीनंतर मेंढरांचे वाडे येतात. पारनेर, संगमनेरकडचे धनगर कोकणाच्या वाटेवर असतात. सोयाबीन निघालेल्या रानात दोन-चार रात्री मेंढरं बसवायची, शेताला खत मिळतं, आपण त्यांना धान्य किंवा पैसे द्यायचे. हिशेब सरळ.

२०२१च्या १ डिसेंबरला हा हिशेब चुकला. दिवसभर अवकाळी पाऊस, वर बोचरा वारा. मी ओट्यावर बसून रील्स बघत होते. समोर वाघरीच्या जाळीत मेंढरं अंगाला अंग लावून भिजत होती. आमची कांदाचाळ रिकामी होती आणि किल्ली खुंटीला. ते मला दिसत होतं. पण बाबा गावाला गेलेले, त्यांना विचारल्याशिवाय कशी उघडायची, म्हणून मी गप्प राहिले.

अंधार पडल्यावर वाड्यातल्या मावशी दारात आल्या. "पोरी, मेंढी अडलीय. माझी बोटं गारठून वळंनात. तुझा हात बारीक हाय, चल."

मी किल्ली घेतली. आता कुणालाच विचारलं नाही.

चाळीत मोबाईलच्या उजेडात दिसलं. कोकराचं नाक आणि एकच पाय बाहेर. खरं तर दोन पुढचे पाय आणि त्यावर टेकलेलं नाक असं यायला हवं. दुसरा पाय मागे दुमडला होता. मी बांगड्या काढल्या, कोपरापर्यंत साबण लावला. आत ऊब होती, एवढी की मला रडू आलं.

"वढू नको," मावशी म्हणाल्या. "कळ थांबली की डोकं मागं सार. पाय घाव. खूर मुठीत धर, म्हंजी आत लागायचं न्हाई. कळ आली की मंग तिच्या संगं."

चार-पाच कळांनी कोकरू गोणपाटावर आलं. तोंडातला चिकटा बोटाने काढला, अंग खसाखसा पुसलं. ते शिंकलं. मावशींनी आचळाचं बूच पिळून काढलं, चिकाची धार बघितली आणि आचळ त्याच्या तोंडात दिलं. "पहिला चीक पोटात गेला तरच जगतं." हे मी नंतर वाचलं: मेंढीच्या पोटात असताना पिल्लाला आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती या चिकातूनच मिळते. मावशींना त्यासाठी वाचावं लागलं नव्हतं.

मग आम्ही सगळी लहान कोकरं आत आणली. बाहेरून आणलेल्या काहींच्या तोंडात बोट घातलं तर ते गार लागायचं. मी त्यांना चोळतच होते. मावशींनी माझा मनगट धरला. "ते गेलंय. हे बघ, हे अजून हालतंय."

सकाळी बांधावर अकरा कोकरं आणि तीन मेंढ्या ओळीने ठेवलेल्या होत्या. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, संगमनेर, सगळीकडून तशाच बातम्या येत होत्या. थंडी-पावसाने शेकडो मेंढ्या गेल्या.

बाबा आले, चाळीतली लेंडी-मुताची घाण बघितली, मग बांध बघितला. काही बोलले नाहीत. मीच म्हणाले, "दुपारीच उघडायला हवी होती."

दोन दिवसांनी वाडा हलला. ते कोकरू घोड्यावरच्या बिऱ्हाडात, डालग्यातून डोकं काढून बसलं होतं. "तुझं हाय ते," मावशी हसून म्हणाल्या. दुपारबद्दल त्यांनी मला कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आता वाडा आला की पहिल्याच दिवशी मी चाळीची किल्ली मावशींच्या हातात देते. आभाळ निरभ्र असलं तरी.