रांग आणि आसन

अँटॉप हिल हे नाव ऐकून एखाद्या परगावच्या माणसाला वाटावे, की ही मलबार हिलची धाकटी बहीण असावी. येथेही गर्द झाडी, वळणावळणाचा रस्ता आणि माथ्यावरून दिसणारा समुद्र असावा. टेकडी येथे आहे, नाही असे नव्हे. परंतु घरांनी तिला असे वेढून टाकले आहे, की ती शोधावी लागते. जवळच केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आहे. तेथे निरनिराळ्या प्रांतांतून बदलून आलेली बिऱ्हाडे एकाच जिन्यावर नांदतात. पलीकडे शीव-कोळीवाडा आहे. १९४७ च्या फाळणीत घरदार सोडून आलेल्या पंजाबी निर्वासितांना तेथे आसरा मिळाला, आणि कोळीवाडा या रेल्वे स्थानकाला पुढे गुरू तेग बहादूर नगर हे नाव मिळाले. पूर्वी या बाजूला मिठागरे होती. मीठ पिकविण्याच्या जागेला आगर म्हणत. आज मात्र आगार म्हटले, की वडाळा, आणिक व प्रतीक्षानगर येथे रात्री विसावणाऱ्या तांबड्या बसगाड्याच लोकांना आठवतात. एका कान्याच्या फरकाने वस्तीचा इतिहास बदलला, असे म्हटले तरी चालेल.

भारतातील पहिली विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदराहून कुर्ल्यास गेली, ती येथून जवळच असलेल्या हार्बर मार्गाने. परंतु आगगाडी आपले रूळ सोडून कोणाच्या दाराशी येत नाही. दाराशी येते ती बस. म्हणून येथील माणसाचा दिवस खऱ्या अर्थाने सुरू होतो, तो बसच्या थांब्यावर.

सकाळी आठच्या सुमारास हा थांबा पाहण्यासारखा असतो. कचेरीतील अधिकारी, त्याच कचेरीतला शिपाई, दप्तराच्या ओझ्याने वाकलेला विद्यार्थी, माटुंग्याकडे धुणीभांडी करावयास निघालेली बाई, रुग्णालयाचे कागद पिशवीत जपून धरलेला वृद्ध, अशी सारी मंडळी एकापाठीमागे एक उभी असतात. रांगेत जो पुढे असतो तो कोणी थोर असतो असे नव्हे. तो केवळ आधी आलेला असतो. मुंबईकराला या गोष्टीचे काही विशेष वाटत नाही. परंतु ज्या देशात पंगतीत कोणी कोठे बसावे, विहिरीवर कोणी आधी पाणी भरावे, हे जन्मावरून ठरत असे, त्या देशात आधी येणाऱ्याला आधी जागा हा नियम लहानसहान नव्हे.

बसच्या कपाळावरील क्रमांक वर्षानुवर्षे देवनागरी अंकांत लिहिला जात आला आहे. परप्रांतातून नुकताच आलेला मनुष्य मराठीची बाराखडी शिकण्याआधी हे अंक शिकतो. मराठी एक हा इंग्रजी नवासारखा दिसतो, हे त्याला पहिल्याच आठवड्यात चुकीच्या गाडीत बसल्यावर कळते. आणि एकदा कळले, की जन्मभर विसरत नाही. कोणत्याही शाळेपेक्षा बसने हा धडा अधिक लोकांना शिकविला असेल.

मुंबईला असे एकत्र बसण्याची सवय एका दिवसात लागली नाही. ९ मे १८७४ रोजी घोड्यांनी ओढावयाची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून पायधुणीपर्यंतच्या प्रवासाला प्रथम तीन आणे पडत. थोड्याच काळात ते दोन आण्यांवर आले. १९०७ मध्ये घोडे गेले व वीज आली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. पुढे ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या अवघे आठ दिवस आधी, हा सारा कारभार खाजगी कंपनीकडून महानगरपालिकेच्या हाती आला. त्या आठवड्यातील मोठ्या घटनांच्या गर्दीत ही धाकटी घटना झाकली गेली. तरी आपल्या शहराची गाडी आपल्या शहराच्या मालकीची झाली, हेही एक स्वराज्यच होते. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदराहून दादरला गेली. दादरचे ट्रामचे शेवटचे ठाणे कधीच नाहीसे झाले. पण ‘दादर टी.टी.’ हे नाव लोकांच्या तोंडून गेले नाही. त्या दोन अक्षरांतली एक ट्रामची आहे, हे ठाऊक नसलेली मुलेही ते नाव बिनचूक घेतात.

गाडीतील एक जागा म्हणजे काय, हे ती ज्यांना नाकारली गेली त्यांनाच नीट ठाऊक असते. १९०१ साली साताऱ्याहून निघालेली काही मुले मसूर स्थानकावर उतरली. वडील नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी होते. त्यांना भेटावयास ती आनंदाने, नवे कपडे घालून निघाली होती. स्टेशनमास्तरने आस्थेने विचारपूस केली. परंतु मुले महार आहेत असे कळताच तो दूर झाला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, मुलांजवळ पैसे होते, तरी एकही गाडीवान त्यांना बसवून घेण्यास तयार होईना. अखेरीस दुप्पट भाड्यावर एक जण राजी झाला, तोही एका अटीवर: गाडी मुलांनी हाकावी, आणि आपण बाजूने पायी चालू. त्या मुलांत एक नऊदहा वर्षांचा भीमराव होता. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला. हेच बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत अनेक वर्षे राहिले, आणि परळ काही अँटॉप हिलपासून फार दूर नाही.

असे केवळ आपल्याकडेच घडले असे समजू नये. अमेरिकेत अलाबामा राज्यात माँटगोमेरी नावाचे मध्यम आकाराचे शहर आहे. तेथील बसमध्ये पुढची आसने गोऱ्यांची, मागची काळ्यांची, आणि मधल्या आसनांवर काळ्यांनी बसावे ते गोरे उतारू येईपर्यंत, अशी रीत होती. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाई दिवसभराच्या कामानंतर बसमध्ये बसल्या असता चालकाने त्यांना उठावयास सांगितले. त्या उठल्या नाहीत. त्यांना अटक झाली, आणि शहरातील काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला. हा बहिष्कार ३८१ दिवस चालला. स्वयंपाकिणी, मोलकरणी, मजूर मैलोगणती पायी चालले. कोणी कोणाला आपल्या मोटारीतून नेले. रिकाम्या बसगाड्या रस्त्यांवरून फिरत राहिल्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिल्यावर डिसेंबर १९५६ मध्ये लोक पुन्हा बसमध्ये चढले, ते हव्या त्या आसनावर बसण्यासाठी. या लढ्याचे तरुण नेते मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले, तेव्हा मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात उतरले होते. एका आसनासाठी एखादे शहर वर्षभर पायी चालते, यावरून त्या आसनाची किंमत ध्यानात यावी.

मुंबईच्या बसमध्ये कोणी कोणाची जात विचारीत नाही. वाहक विचारतो ते एवढेच, की कोठे जावयाचे. पूर्वी त्याच्या हाती तिकिटाला भोक पाडण्याचा चिमटा असे, आणि ‘पुढे सरका, पुढे सरका’ या घोषाला त्या चिमट्याच्या टिकटिकीची साथ मिळे. आता चिमट्याच्या जागी यंत्र आले आहे. घोष मात्र तोच आहे. चढावे मागच्या दाराने व उतरावे पुढच्या, असा जुना नियम. वृद्ध, गरोदर स्त्रिया व अपंग यांना मात्र पुढच्या दाराने चढण्याची मुभा. येथेही आसने राखून ठेवलेली असतात, परंतु ती बलवानांसाठी नव्हेत. ज्याला उभे राहणे जड जाते त्याच्यासाठी असतात. या नियमालाही डोळेझाक करणारे महाभाग भेटतात. खिडकीशी बसलेल्या एखाद्या धडधाकट तरुणाला वृद्ध उतारू समोर येताच नेमकी गाढ झोप लागते, आणि त्याचा थांबा येताच ती तितक्याच तत्परतेने मोडते! परंतु अशा वेळी चार आवाज उठतात, त्याला उठवितात. आणि उठविणाऱ्यांना त्या वृद्धाचे नावही ठाऊक नसते.

मध्यंतरी अँटॉप हिलच्या डोक्यावरून एक नवे वाहन धावू लागले. उंच तुळईवरून जाणारी मोनोरेल १ फेब्रुवारी २०१४ रोजी चेंबूर ते वडाळा या टप्प्यावर सुरू झाली. मार्च २०१९ मध्ये ती सात रस्त्यापर्यंत पोहोचली, आणि अँटॉप हिललाही स्वतःचे स्थानक मिळाले. मुलांना तिचे मोठे कौतुक. खिडकीतून टेकडी, रेल्वेचे रूळ आणि खाडीकडील मोकळी जमीन एका दृष्टीत मावे. परंतु अपेक्षेइतके उतारू तिला कधी लाभले नाहीत. १९ ऑगस्ट २०२५ रोजी मुसळधार पावसाने लोकल गाड्या अडल्या, सारी गर्दी मोनोरेलकडे लोटली, आणि भाराने गाडी वाटेतच उंचावर थांबली. शेकडो उतारूंना अग्निशामक दलाच्या जवानांनी खाली आणले. त्यानंतर २० सप्टेंबरपासून नव्या यंत्रणेच्या कामासाठी ही सेवा बंद ठेवण्यात आली. ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. उंच वाहन बांधण्यासाठी जेवढा खर्च व उत्साह लागला, त्याचा काही अंश खालच्या रस्त्यावरील बसच्या वाट्याला आला असता तर, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

कारण बस कमी होत चालल्या आहेत. २०१० च्या सुमारास शहरात चार हजारांहून अधिक बसगाड्या होत्या. अलीकडच्या वर्षांत ती संख्या तीन हजारांच्या खाली आली. ज्यांना परवडते ते थांब्यावरून हळूहळू नाहीसे होतात. कोणी दुचाकी घेतो, कोणी चौघांत मिळून टॅक्सी करतो. मग रांगेत अधिकारी दिसत नाही. शिपाईही क्वचितच दिसतो. रांग आखूड होते आणि वाट पाहणे लांबते. एके काळी जी रांग साऱ्या शहराची होती, ती दुसरा उपाय नसलेल्यांची होऊ लागते, आणि त्यांच्यासाठी भांडणारे आवाजही तितकेच कमी होतात.

जुलै २०१९ मध्ये साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवर आणले, तेव्हा थांब्यांवर पुन्हा गर्दी दिसू लागली होती. मे २०२५ मध्ये पहिल्या पाच किलोमीटरचे तेच भाडे दहा रुपये झाले. ज्याच्या खिशात मोटारीची किल्ली आहे, त्याला पाच रुपयांचा हा फरक मोजताही येणार नाही. माटुंग्याला धुणीभांडी करणाऱ्या बाईला तो बोटांवर मोजता येतो. जाऊन येऊन दहाचे वीस झाले. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर दोनशे साठ रुपये अधिक. सकाळी ती बसनेच जाते, कारण उशीर झालेला कामावर खपत नाही. संध्याकाळी पाऊस नसेल, तर ती पायी परत येते.