नाव काय म्हणालात?

फोटोओळ लिहिणं हे आमच्या धंद्यात नाइलाजाचं काम समजलं जातं. दिवसभर उन्हात काढलेले फोटो रात्री डेस्कवर जातात आणि उपसंपादकाचा फोन येतो, ‘अहो, डावीकडून तिसरा कोण?’ म्हणून मला कॅमेऱ्याइतकीच वही लागते. पूर्वी प्रिंटच्या मागे मऊ शिसपेन्सिलीनं लिहायचो, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. आता तीच माहिती फाइलच्या पोटात, आयपीटीसी नावाच्या रकान्यांत भरतो. व्हॉट्सअॅपवरून फोटो फिरायला लागला की ती बहुधा गळून पडते. पेन्सिल जास्त टिकाऊ होती म्हणायची.

नाव विचारायचं राहून गेलं तर काय होतं, हे बघायला डोरोथिया लँगच्या ‘मायग्रंट मदर’ या फोटोकडे जावं. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो. थंडीनं वाटाण्याचं पीक गेलेलं, मजूर अडकून पडलेले. सरकारी खात्यासाठी फोटो काढणारी लँग कामं उरकून घरी निघाली होती. मजुरांच्या तळाची पाटी मागे टाकून ती वीसेक मैल पुढे गेली आणि मग गाडी वळवून परत आली. राहुटीत मुलांना घेऊन बसलेल्या एका बाईचे तिनं दहाएक मिनिटांत मोजके फोटो काढले. वय विचारलं, बत्तीस. नाव विचारलं नाही, हे तिनंच पुढे १९६० साली लिहिलंय. तळावरची बातमी आणि फोटो सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात आले, वीस हजार पौंड अन्न रवाना झालं. ते पोचेपर्यंत ही बाई मुलांसह पुढे निघून गेली होती.

तिचं नाव जगाला कळलं १९७८ मध्ये. फ्लॉरेन्स थॉम्प्सन, आजच्या ओक्लाहोमात जन्मलेली चेरोकी. म्हणजे गोऱ्या शेतकऱ्यांच्या हालअपेष्टांचं प्रतीक म्हणून चाळीस वर्षं मिरवलेला चेहरा मूलनिवासी बाईचा होता. लँगच्या आठवणीत या कुटुंबानं पोटासाठी गाडीचे टायर विकले होते. थॉम्प्सनच्या मुलानं ते साफ नाकारलं: विकायला जादा टायर होतेच कुठे, होते ते गाडीला होते आणि त्यांच्यावरच तर आम्ही तिथून निघालो! त्या तळावरचे मजूरही ते नव्हते. गाडी बिघडली म्हणून थांबले होते, थोरली मुलं दुरुस्तीसाठी गावात गेली होती. फोटो सरकारी मालकीचा, त्यामुळे बाईला त्यातून एक छदामही मिळाला नाही, आणि त्याबद्दल तिनं कडवट नाराजी बोलून दाखवली.

लँगला कमी लेखायचं नाही. फोटोखालच्या मजकुरावर तिच्याइतकी मेहनत घेणारे थोडेच. १९३९ साली पॉल टेलरबरोबर केलेल्या पुस्तकात तिनं स्थलांतरितांच्या तोंडचे शब्दच फोटोंखाली घातले. १९४२ मध्ये जपानी-अमेरिकनांना छावण्यांत डांबलं जात असताना तिनं काढलेले फोटो लष्करानं दाबून ठेवले. तरीही निपोमोतली ती दहा मिनिटं मला खटकतात. राहुटीच्या खांबाला धरलेला एक अंगठा फोटोच्या कोपऱ्यात आला होता, तो तिनं नंतर निगेटिव्हवर पुसून घेतला. अंगठ्यासाठी वेळ होता!

याउलट गॉर्डन पार्क्स. १९४२, वॉशिंग्टन, निपोमोत लँग ज्यासाठी फोटो काढत होती त्याच सरकारी प्रकल्पाचं कार्यालय. नव्यानं आलेल्या या कृष्णवर्णीय तरुणाला प्रमुख रॉय स्ट्रायकरनं सुचवलं, की इमारतीत झाडलोट करणाऱ्या बाईशी जरा बोल. एला वॉटसन बोलत गेल्या. त्यानंतर ध्वजासमोर झाडू आणि मॉप घेऊन उभ्या असलेल्या वॉटसनबाईंचा तो प्रसिद्ध फोटो आला, पण पार्क्स तिथं थांबला नाही. तो त्यांच्या घरी गेला, घरातली मुलं, त्यांचं चर्च, सगळं टिपत राहिला. विचारपूस आधी झाली की फोटो एकटा राहत नाही, त्यामागून मालिका येते. स्टीव्ह मॅक्करीनं १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत टिपलेली हिरव्या डोळ्यांची मुलगी मात्र सतरा वर्षं नुसती ‘अफगाण मुलगी’च राहिली. शरबत गुला हे नाव २००२ साली कळलं.

आपल्याकडे हा प्रश्न रोजचा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडची माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उतरतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर उचल किती दिली तो आकडा. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई आणि मागून येणारा तिरपा उजेड, हा फोटो आमच्यातल्या प्रत्येकाकडे आहे. माझ्याकडेही आहे, आणि चांगला आहे. पण खाली ‘ऊसतोड मजूर महिला’ एवढंच छापलं, तर मुकादमाच्या वहीत आणि आमच्या पेपरात फरक काय राहिला?

काम चालू असताना मी कुणाला थांबवत नाही. आधी फोटो, मग ट्रक भरून झाला की वही. म्हाताऱ्या बायका स्वतःचं नाव सांगतात, नवऱ्याचं विचारलं की शेजारणीकडे बघतात आणि शेजारीण ते हसत सांगते. मी नाव पुन्हा मोठ्यानं वाचून दाखवतो, कारण माझं ऐकणं आणि त्यांची बोली यांत बऱ्याचदा गफलत होते. मग गाव, तालुका, आणि आज किती वाजता उठलात. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आलं, की दुसऱ्या दिवशी मी फडावर न जाता पहाटे तीनला कोपीपुढच्या, म्हणजे त्यांच्या झोपडीपुढच्या चुलीपाशी असतो. मोळीच्या फोटोत नसलेला अर्धा दिवस तिथं सापडतो.

विचारणं वेगळं आणि छापणं वेगळं. मुकादमाविरुद्ध बोललेल्या बाईचं नाव माझ्या वहीतच राहतं, पुढच्या हंगामाची उचल तिला त्याच्याकडूनच घ्यायची असते. लैंगिक अत्याचारपीडितेचं नाव छापायला तर कायद्यानंच बंदी आहे. पण छापायचं नाही हे आधी नाव कळल्यावर ठरवायचं असतं. विचारलंच नाही आणि वर गोपनीयतेचं कारण दिलं, हा निव्वळ आळस.

पी. साईनाथांच्या ‘पारी’ या संकेतस्थळावर फोटोतल्या शेतमजुरांची नावंगावं ओळीत सापडतात, त्यांच्या ‘फेसेस’ प्रकल्पात तर जिल्हावार चेहरे मांडले आहेत. रोजच्या पेपरात एवढी ऐसपैस जागा नसते, मान्य. जागा कमी पडली की आमचं डेस्क आधी गाव उडवतं, मग माणूस. मंत्र्यांच्या शेजारी फीत धरून उभे असलेल्या सगळ्यांची नावं मात्र हुद्द्यांसकट, चार ओळी खाऊन छापून येतात. यावरून आमची वादावादी चालू आहे.