एक्स-रे नॉर्मल, तरी हात का बांधायचा?

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात पडून आलेल्यांची संख्या वाढते. कुणी शेवाळावरून घसरते, कुणाची दुचाकी ओल्या रस्त्यावर सरकते. पडताना आपण नकळत हात पुढे टेकतो आणि सगळा भार तळहातावर येतो. मग मनगट दुखू लागते. ‘लचक भरली असेल’ म्हणून तेल लावून चोळले जाते, क्रेप बँडेज गुंडाळले जाते आणि माणूस कामाला लागतो. बहुतेक वेळा तो खरोखरच मुका मार असतो. पण काही वेळा आत स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड मोडलेले असते आणि पहिल्या एक्स-रेमध्ये ते दिसतही नाही.

हे हाड वेगळे का आहे?

आपल्या मनगटात ८ छोटी हाडे दोन ओळींत बसवलेली असतात. स्कॅफॉइड अंगठ्याच्या बाजूला असते आणि दोन्ही ओळींना सांधून ठेवते. आकाराने साधारण काजूगराएवढे. ग्रीक भाषेत होडीला जो शब्द आहे, त्यावरून त्याला हे नाव मिळाले. मनगटाच्या या ८ हाडांपैकी सर्वात जास्त वेळा मोडते ते हेच, आणि तेही मुख्यतः तरुणांमध्ये.

खरी अडचण आहे ती त्याच्या रक्तपुरवठ्याची. या हाडाला बहुतांश रक्त बोटांकडच्या बाजूने मिळते आणि तिथून ते उलट, कोपराकडच्या टोकापर्यंत जाते. कालव्याच्या शेवटच्या शेतासारखी त्या टोकाची स्थिती असते. कालवा मध्ये फुटला की सर्वात आधी शेवटचे शेत कोरडे पडते. स्कॅफॉइड बहुधा मधोमध, कमरेपाशी मोडते. तुकडे हलत राहिले तर हाड जुळत नाही आणि कोपराकडचा तुकडा रक्ताअभावी निर्जीव होऊ शकतो. पुढे काही वर्षांत मनगटाची झीज सुरू होते. जोर काढताना किंवा जड वस्तू उचलताना दुखते, पकड कमी होते.

फसवणूक अशी की मोडलेले असूनही सूज थोडीच असते, बोटे हलतात, मूठ वळते. काही दिवसांनी दुखणेही कमी होते. त्यामुळे ‘मोडले असते तर हात हलला असता का?’ हा आपला नेहमीचा हिशेब इथे चालत नाही.

तपकिरीची डबी

हाताचा अंगठा ताठ करून मागे ताणा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला, दोन शिरांमध्ये एक खळगा दिसेल. पूर्वी लोक चिमूटभर तपकीर याच खळग्यात ठेवून नाकाने ओढत, म्हणून शरीरशास्त्रात त्याला ‘स्नफबॉक्स’, म्हणजे तपकिरीची डबी, म्हणतात. या डबीच्या तळाशी स्कॅफॉइड असते. पडल्यानंतर तिथे बोटाने दाबल्यावर दुसऱ्या हातापेक्षा स्पष्ट जास्त दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. आम्ही तळहाताच्या बाजूनेही दाबून पाहतो आणि अंगठा मनगटाच्या दिशेने हलकेच दाबून पाहतो.

एक्स-रेसाठी नेहमीच्या कोनांबरोबर ‘स्कॅफॉइड व्ह्यू’ही काढावा लागतो. तरीही भेग केसासारखी बारीक असेल आणि तुकडे सरकलेले नसतील, तर ती सुटू शकते. १० ते १४ दिवसांत भेगेच्या कडांचे हाड थोडे विरघळते आणि मग तीच भेग दिसू लागते. एमआरआयमध्ये मात्र ती पहिल्या काही दिवसांतच कळते.

एका मुलाचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात पार्सल पोहोचवणारा विशीतला एक मुलगा आला. डबीत दाबताच त्याने हात मागे ओढला. एक्स-रे मात्र स्वच्छ. मी अंगठ्यासकट मनगटाला स्प्लिंट लावायला आणि दोन आठवड्यांनी परत यायला सांगितले. तो म्हणाला, “सर, एक्स-रेत काही नाही म्हणता आणि हात बांधा म्हणता. गाडी चालवली नाही तर त्या दिवसाचे पैसे नाहीत मला.”

त्याचा प्रश्न रास्त होता. शिवाय खरे सांगायचे तर, अशा संशयित रुग्णांपैकी बहुतेकांना शेवटी फ्रॅक्चर नसतेच. हेही मी त्याला सांगितले. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. एमआरआय करून लगेच उत्तर मिळवायचे, त्याला खर्च जास्त. किंवा हात बांधून थांबायचे, त्यात मजुरी बुडणार. ‘काहीच न करणे’ ही तिसरी वाट स्वस्त दिसते; पण त्याचे पोट ज्या हातावर आहे तो हातच त्यात पणाला लागतो. त्याने थांबायचे ठरवले. दुसऱ्या एक्स-रेमध्ये हाडाच्या कमरेवर बारीक रेघ दिसली. तुकडे सरकले नव्हते. प्लास्टर घातले, आणि दहा आठवड्यांनी हाड जुळलेले दिसले.

त्याच महिन्यात कबड्डी खेळताना पडलेल्या एका विद्यार्थ्याचा दुसरा एक्स-रेही नॉर्मल आला आणि दुखणेही गेले. त्याची आई म्हणाली, “म्हणजे दोन आठवडे हात उगाच बांधला?” मला तसे वाटत नाही. त्या दिवशी दोन्ही मुलांचे हात सारखेच दिसत होते.

उपचार

तुकडे सरकले नसतील तर साधारण ६ ते ८ आठवडे, कधी १२ आठवडेही, प्लास्टर लागते. तुकडे जास्त सरकले असतील किंवा कोपराकडचे टोक मोडले असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ बहुधा स्क्रूने हाड बसवतात. हा स्क्रू बिनडोक्याचा असतो, म्हणजे तो पूर्ण हाडात बुडतो आणि सांध्यात टोचत नाही. इंग्लंड आणि वेल्समधील ३१ रुग्णालयांत ४३९ प्रौढ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. कमरेपाशी मोडलेले आणि २ मिलिमीटरपर्यंतच सरकलेले हाड असेल, तर वर्षअखेर शस्त्रक्रिया आणि प्लास्टर यांत मनगटाच्या दुखण्यात व कामात महत्त्वाचा फरक आढळला नाही. अट एकच: प्लास्टरनंतर हाड जुळले का, हे तपासायचे आणि नसेल जुळले तर वेळ न घालवता स्क्रू बसवायचा.

एवढे पाळा

• पडल्यावर मनगट चोळू नका, कुणाकडून ओढून ‘बसवून’ घेऊ नका.
• एक्स-रे नॉर्मल असला तरी डबीत दुखत असेल तर दिलेल्या तारखेला परत जा.
• दुखणे थांबले म्हणून प्लास्टर स्वतः काढू नका. बोटे मात्र हलवत राहा.
• बोटे निळी पडली, बधिर झाली किंवा प्लास्टर फार घट्ट वाटले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.
• विडी-सिगारेट बंद ठेवा. धूम्रपानाने हाड जुळायला उशीर होतो, कधी ते जुळतच नाही.
• जुनी ‘लचक’ महिनोन्महिने दुखत असेल तर आता तरी एक्स-रे काढा. न जुळलेल्या हाडावरही हाडाचा कलम लावून उपचार करता येतात, पण झीज होण्याआधी आलात तर ते जास्त उपयोगी पडतात.