अण्णांची ३८ मिनिटं

गेल्या जुलैपर्यंत मी फोनच्या भरवशावर पळत होते. फोन कमरेच्या पट्ट्यात, कानात गाणी, आणि दर किलोमीटरला एक बाई इंग्रजीतून वेग सांगायची. वेताळ टेकडीवर तेवढं पुरतं.

मग एका रविवारी मैत्रिणीबरोबर के टू एस करायला गेले. कात्रजपासून सिंहगडापर्यंत टेकड्यांच्या धारेवरून जाणारी ही वाट पुण्यातल्या ट्रेकर मंडळींच्या पायाखालची. आम्ही निघालो भर पावसात. पाचव्या की सहाव्या टेकडीवर धुकं असं उतरलं की पुढे चालणारी मैत्रीण फक्त आवाजापुरती उरली. फोनमध्ये ऑफलाइन नकाशा होता. पण स्क्रीन ओली, बोटं ओली. नकाशा सरकवायला जावं तर तो भलतीकडेच पळायचा. पुसायला अंगावर कोरडं असं काहीच नव्हतं. बॅटरी बघता बघता ९ टक्क्यांवर आली. शेवटी अंदाजाने एक सोंड धरून उतरलो. पाऊण तासाने खाली गुरं घेऊन उभ्या असलेल्या एक मावशी भेटल्या. "सिंहगड? त्यो तिकडं ऱ्हायला. तुम्ही उलट्या अंगाला उतरलाय."

झालं काहीच नाही. हायवेला लागलो, वडापाव खाल्ला, घरी आलो. पण त्या सोंडेच्या दोन्ही बाजूंना काय होतं ते मला दिसत नव्हतं, ही गोष्ट रात्री झोपताना आठवायची.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या लॅपटॉपवर कायम सतरा टॅब उघडे. जीपीएस घड्याळ घ्यायचं! बजेट वीस-पंचवीस हजार. लाखाच्या घरातली घड्याळं मी नुसतीच बघायचे, लोक सॅम्पल फ्लॅट बघायला जातात तशी.

तीन आठवडे वाचून जे कळलं ते सांगते. ब्रँड सांगत नाही, कारण मॉडेल सारखी बदलतात, प्रश्न तेच राहतात.

पहिली गोष्ट उपग्रहांची. घड्याळ उपग्रहांना काही पाठवत नाही, ते फक्त ऐकतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळ सांगत असतात. किमान चार उपग्रहांचे संकेत किती उशिरा पोचले यावरून घड्याळ आपली जागा काढतं. मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीचे हे संकेत मुद्दाम बिघडवून सोडायची, शंभरेक मीटरपर्यंत चूक व्हायची. मी तेव्हा दोन वर्षांची होते. आज मनगटावरचं घड्याळ उघड्यावर काही मीटरच्या आत जागा सांगतं आणि आपण त्यावरही कुरकुर करतो.

महागड्या घड्याळांत ड्युअल-बँड असतं. एकाच उपग्रहाचे दोन फ्रिक्वेन्सींवरचे संकेत ऐकल्यामुळे भिंतीवर आपटून आलेला खोटा संकेत ओळखणं सोपं जातं. उंच इमारतींमध्ये, अरुंद घळीत, कड्याच्या पोटाला याचा खरा उपयोग. के टू एस मात्र उघड्या धारेवरून जाते, तिथे साधं जीपीएसही नीट चालतं. आम्ही चुकलो ते फोनला जागा कळत नव्हती म्हणून नाही, आम्हाला ती वाचता येत नव्हती म्हणून. त्यामुळे माझ्या यादीत सगळ्यात वर आली ती बटणं. टचस्क्रीन असू दे, पण पावसात, ओल्या हातांनी, न बघता दाबता येतील अशी खरीखुरी बटणं हवीत.

दुसरी गोष्ट बॅटरी. बॉक्सवर छापलेले तास बहुधा सगळ्यात काटकसरीच्या मोडचे असतात. सगळ्या उपग्रह प्रणाली चालू केल्या की ते झरझर उतरतात, आणि दोन वर्षांनी बॅटरी म्हातारी होते ती वेगळीच. माझा हिशोब सोपा होता: आपण जास्तीत जास्त किती वेळ डोंगरात असतो, त्याची दुप्पट.

तिसरी गोष्ट उंची. चढावर 'किलोमीटरला किती मिनिटं' या आकड्याला अर्थ राहत नाही, किती मीटर चढलो याला असतो. पण उपग्रह सगळे डोक्यावर, पायाखाली एकही नाही, त्यामुळे जीपीएसची उंची नेहमीच थोडी लंगडी. बॅरोमीटर असलेलं घड्याळ हवेच्या दाबावरून उंची मोजतं. समुद्रसपाटीजवळ साधारण दर आठ मीटरला दाब एक हेक्टोपास्कलने कमी होतो. ढग भरून आले की तोही फसतो, आणि त्याच्या बारीक भोकात चिखल गेला तर विचारूच नका. तरी डोंगरासाठी ते हवंच.

चौथी गोष्ट नकाशा. रंगीत नकाशाला बरेच जास्त पैसे पडतात. मला एक रेष पुरणार होती: आधी कोणीतरी चाललेली वाट घड्याळात भरायची, तिच्यावरून घसरलो की मनगटाला थरथर जाणवते. शिवाय आल्या वाटेने परत नेणारी सोय. धुक्यात तेवढंच पाहिजे असतं.

एवढं सगळं कळूनही घड्याळ काही ठरेना. दोन मॉडेल उरली होती. एकात झोपेला गुण मिळायचे, दुसऱ्यात 'आज शरीर किती तयार' याचे. साताऱ्याला फोन केला तेव्हा अण्णांना हे सगळं सांगत बसले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण तुला त्यात रोज बघायचं काय आहे?"

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांच्या हातात अजूनही एचएमटी जनता आहे, रोज सकाळी चावी द्यावी लागते ती. रिटायर झाल्यापासून ते रोज अजिंक्यतारा चढतात. घराच्या फाटकापासून गडाच्या दरवाजापर्यंत ३८ मिनिटं. खाली आले की तो आकडा कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचा. 'दूध अर्धा लिटर जादा', 'गॅस आला', '३८'. आई वैतागायची, की तिला लिहायला जागाच उरत नाही.

२०१९च्या पावसाळ्यात ते आकडे हलायला लागले. जूनमध्ये ३८, ३९. ऑगस्टमध्ये ४१. दिवाळीत ४६. छातीत दुखलं नव्हतं, घाम नाही, काही नाही. आई म्हणाली, वय झालं. अण्णा म्हणाले, "वय असं चार महिन्यांत येत नाही." ते भिंतीवरून कालनिर्णय काढून, गुंडाळून डॉक्टरांकडे घेऊन गेले. साधा ईसीजी ठीक आला. डॉक्टरांनी पानं उलटून बघितली आणि ट्रेडमिलवरची तपासणी करायला लावली. मग अँजिओग्राफी, मग एक स्टेंट. मी तेव्हा हॉस्टेलवर होते. मला सगळं झाल्यावर कळवलं.

त्या ३८ मिनिटांत उपग्रह नव्हता, नाडी नव्हती, उंची नव्हती. घड्याळ थोडं मागेपुढे चालत असेल. पण वाट तीच, माणूस तोच, आणि लिहिणं एक दिवस चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोन्हींतलं स्वस्त घड्याळ मागवलं.

फेब्रुवारीत साताऱ्याला गेले तेव्हा अण्णांबरोबर गडावर गेले. ते चालत, मी पळत पुढे जाऊन परत त्यांच्यापर्यंत. गार हवा होती, घड्याळाचा पट्टा जरा सैल. उतारावर आरामात पळताना सहज मनगटाकडे बघितलं: १७४. दम अजिबात लागला नव्हता, मी गुणगुणत होते. आकडा हलेना. १७४, १७५. आणि मला एकदम हॉस्पिटलच्या कागदांवरचं अण्णांचं नाव आठवलं. हे रक्तातूनही येतं ना? मी अण्णांपाशी येऊन थांबले ती हातपाय गार पडलेली.

"हात दे," ते म्हणाले. स्टेंटनंतर त्यांना नाडी बघायला शिकवलं होतं. माझं मनगट तीन बोटांनी धरून, दुसऱ्या हातातल्या एचएमटीच्या सेकंदकाट्यावर नजर लावून ते ओठांतल्या ओठांत मोजत राहिले. पंधरा सेकंद. "तेहेतीस. चारने गुण." १३२. एवढं पळून आलेल्या, त्यातून घाबरलेल्या माणसाची नाडी असावी तेवढीच.

रात्री फोनवर आलेख उघडला तेव्हा कळलं. घड्याळ मनगटावर हिरवा प्रकाश टाकून, कातडीखालच्या रक्ताच्या लाटा मोजतं. पट्टा सैल असला, हात गार असले की त्या लाटांऐवजी ते पावलांचे हिसके मोजू शकतं. माझी पावलं मिनिटाला १७४ पडत होती, आणि उतारावर नाडीची रेष पावलांच्या रेषेवर तंतोतंत बसली होती. नाडी नीट हवी तर छातीचा पट्टा लावावा, तो हृदयाचे विजेचे ठोके पकडतो. तो मी नंतर घेतला. पण त्याआधी पंधरा सेकंद मोजायला शिकले.

आता घड्याळाच्या स्क्रीनवर मी तीनच गोष्टी ठेवल्यात: वेळ, चढ आणि परतीची रेष. रोजची वाट म्हणजे वेताळ टेकडीचा एकच चढ, आणि त्याची मिनिटं. झोपेचे गुण बंद केलेत.

निघायच्या दिवशी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर कालनिर्णय समोरच होतं. गडावर गेलो होतो त्या दिवसाच्या चौकोनात अण्णांनी ४७ लिहिलं होतं. पुढे कोणी पानं उलटून बघितली तर उगाच घाबरायला नको, म्हणून त्याच्याखाली बारीक अक्षरात: 'पोरीची नाडी बघायला थांबलो.'